मुद्दल, चक्रवाढ आणि स्पर्शिका

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले महाड हे कोकणातील जुने व्यापारी बंदर. भरतीच्या पाण्याबरोबर बाणकोटच्या खाडीतून येथवर गलबते येत आणि येथून पोलादपूरच्या वाटेने घाट चढून माल देशावर जात असे. अशा पेठेत पिढ्यान्‌पिढ्या दुकान मांडून बसलेल्या घरांत मुलाला अक्षरांच्या बरोबरीने आकड्यांची ओळख होई. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ झाल्यावर रोजमेळ आणि खतावणी, आणि पुरेशी समज आल्यानंतर व्याजाचा हिशेब. सरळव्याज एका दुपारी शिकून होई. चक्रवाढीचे तसे नसते. तिचा हिशेब करता येणे ही एक गोष्ट आणि तिची चाल ओळखता येणे ही दुसरी. या दोन व्याजांमध्ये नेमके नाते काय, हा प्रश्न पेढीवरचा वाटला तरी गणिताच्या इतिहासात त्याचे उत्तर मिळण्यास सतरावे शतक उजाडावे लागले. त्या उत्तराचे नाव स्पर्शिका.

प्रथम एक उदाहरण पाहू. एखाद्या संस्थेच्या स्थापनेच्या दिवशी कोणी सद्‌गृहस्थाने १,००० रुपये दसादशे ८ टक्के दराने ठेवले आणि सुवर्णमहोत्सवापर्यंत त्यांस हात लावला नाही, असे समजा. सरळव्याजाने पन्नास वर्षांत व्याजाचे ४,००० होतील आणि एकूण रक्कम ५,००० होईल. दरवर्षी व्याज मुद्दलात मिळवून चक्रवाढ धरली, तर हीच रक्कम सुमारे ४६,९०० रुपयांवर जाते. पहिल्या वर्षाअखेर दोन्ही हिशेबांत एका पैशाचाही फरक नसतो. दोन्हीकडे १,०८० रुपयेच दिसतात. दुसऱ्या वर्षी फरक पडतो तो अवघा सहा रुपये चाळीस पैशांचा. कागदावर वर्षे आडवी आणि रुपये उभे मांडले, तर सरळव्याजाची सरळ रेषा होते आणि चक्रवाढीची वर वळत जाणारी वक्ररेषा. या वक्राला गणितात घातांकी वक्र म्हणतात, कारण त्यात काळ हा घातांकाच्या जागी बसलेला असतो.

घातांकांच्या या राज्यात जैन आचार्यांनी फार पूर्वी संचार केला होता, आणि समाजातील अनेकांना ही गोष्ट केवळ ऐकून माहीत असते. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना जी संख्या ९६ वेळा अर्धी करता येते ती, असा निर्देश येतो. आजच्या भाषेत ही संख्या म्हणजे २ चा ९६ वा घात. ती लिहून काढली तर ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ अशी एकोणतीस अंकी होते. सूत्रकारांनी मात्र तिची ओळख अर्धे करण्याच्या क्रियेवरून करून दिली. एवढ्या मोठ्या संख्येला एवढ्या लहान संख्येने नाव देणे, ही कल्पनाच मोठी आहे.

षट्खंडागमावरील धवला टीकेत आचार्य वीरसेनांनी या कल्पनेला शास्त्राचे रूप दिलेले दिसते. ही टीका इसवी सन ८१६ मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात, वाटग्राम नावाच्या स्थळी पूर्ण झाल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. वाटग्राम कोणते, याविषयी एकमत नाही. कोणी ते नाशिकच्या बाजूस शोधतात, कोणी बडोद्याकडे. धवलेत एखादी संख्या जितक्या वेळा अर्धी करता येते, त्या गणनेस ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. तिनाने भागत गेल्यास ‘त्रिकच्छेद’, चाराने भागल्यास ‘चतुर्थच्छेद’. अर्धच्छेदांचे पुन्हा अर्धच्छेद घेतले की ‘वर्गशलाका’ मिळतात. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोघींच्या अर्धच्छेदांची बेरीज, आणि भागाकाराचे म्हणजे वजाबाकी, हेही नियम तेथे आहेत. आठाचे अर्धच्छेद तीन, बत्तिसाचे पाच. आठ गुणिले बत्तीस म्हणजे दोनशे छप्पन्न, आणि त्याचे अर्धच्छेद आठ. शाळेत लघुगणक शिकलेल्या कोणासही ही ओळखीची खूण पटेल.

संख्या तिच्याच घातांकाने वाढवण्याच्या क्रियेला तेथे ‘वर्गित-संवर्गित’ म्हटले आहे. दोनावर ती एकदा केली की चार, दुसऱ्यांदा चाराचा चौथा घात म्हणजे दोनशे छप्पन्न, आणि तिसऱ्यांदा दोनशे छप्पन्नाचा दोनशे छप्पन्नावा घात. ही तिसरी संख्या लिहायची तर ६१७ अंक लागतात. तिचे अर्धच्छेद मात्र केवळ २०४८ आणि वर्गशलाका तर अवघ्या ११. अवाढव्य वाढीला हातात मावेल इतके लहान करून पाहण्याचे हे साधन होते.

येथे थोडे थांबून स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. धवलेत कॅल्क्युलस आहे, आधुनिक गणित सर्व त्यात आहे, अशी विधाने प्रवचनांतून आणि पुस्तिकांतून अधूनमधून केली जातात. ती टिकत नाहीत. धवलेतील अर्धच्छेद मोजण्याच्या क्रियेतून आलेले आहेत. तेथे वक्ररेषा काढलेली नाही, तिच्या एखाद्या बिंदूवर चढ किती हा प्रश्न विचारलेला नाही, आणि पुढे युरोपात झाली तशी लघुगणकांची कोष्टकेही केलेली नाहीत. आचार्यांचा उद्देश जीवद्रव्याचे प्रमाण आणि लोकाचे मान सांगण्याचा होता. घात आणि घातांक यांमधील उलट-सुलट नाते त्यांनी नवव्या शतकात नियमांसह मांडले, हे जे खरोखर आहे तेच इतके मोलाचे आहे की त्यावर वाढीव कलम करण्याची गरज नाही.

हे मोल जगाला कळण्यास फार उशीर झाला. धवला, जयधवला आणि महाधवला या ग्रंथांच्या ताडपत्री प्रती दक्षिण कर्नाटकात मूडबिद्री येथे होत्या आणि शतकानुशतके त्यांचे केवळ दर्शन घेतले जाई. १८८३ मध्ये मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी यात्रेसाठी मूडबिद्रीस गेले. जीर्ण होत चाललेली ती पाने पाहून त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांच्याकडे चिंता व्यक्त केली, आणि दोशी स्वतः तेथे जाऊन आले. प्रती करण्याचे काम १८९६ च्या सुमारास गजपती उपाध्याय आणि ब्रह्मसूरी शास्त्री यांच्या हातून सुरू झाले आणि निरनिराळ्या लेखकांकडून १९२२ पर्यंत चालले. मंदिराबाहेर प्रत जाऊ नये असा दंडक असताना गजपती उपाध्यायांनी आपली विदुषी पत्नी लक्ष्मीबाई हिच्या साहाय्याने घरी गुप्तपणे आणखी एक प्रत करून ठेवली. ती सहारनपूरला पोहोचली, तिच्यावरून देवनागरी प्रती झाल्या आणि ग्रंथ मोकळा झाला. दंडक मोडल्याबद्दल त्यांना दोष द्यावा की ग्रंथ वाचवल्याबद्दल धन्यवाद, यावर दोन मते असू शकतील. महाडकरांना मात्र हा प्रश्न फारसा अवघड वाटू नये. २००५ आणि २०२१ च्या महापुरांत येथील बाजारपेठ पाण्याखाली गेली. जे एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत असते त्याचे काय होऊ शकते, हे त्यांनी पाहिलेले आहे.

छापील धवलेचे जन्मस्थान महाराष्ट्रात आहे. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी सहकारी पंडितांसह तिचे संपादन हाती घेतले. पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. १९४२ मधील चौथ्या भागाला लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर स्वतंत्र निबंध जोडला. अर्धच्छेद म्हणजे दोन या पायावरचा लघुगणक, ही ओळख गणित जाणणाऱ्या जगाला मुख्यतः त्या निबंधामुळे पटली. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ मध्ये महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. नवव्या शतकातील या ग्रंथात व्याजाची आणि गुणोत्तर श्रेढीची उदाहरणे भरपूर आहेत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या राज्यात मुद्दल, व्याज आणि मुदत यांवर इतके सूक्ष्म प्रश्न घातले जात होते, हे वाचताना पेढीवरच्या माणसालाही घरचेच वाचल्यासारखे होते.

आता दुसरा धागा. वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा म्हणजे स्पर्शिका, ही व्याख्या सर्वांनी शाळेत पाठ केलेली असते. वर्तुळाच्या बाबतीत त्रिज्येला लंब काढला की काम झाले. पण ज्या वक्राला केंद्र नाही आणि त्रिज्या नाही, त्याची स्पर्शिका कशी काढावी? या प्रश्नाची भारतीय बाजू सह्याद्रीच्या परिसरातच सापडते. भास्कराचार्यांनी ११५० मधील सिद्धांतशिरोमणीत ग्रहाच्या ‘तात्कालिक गती’चा विचार केला. संपूर्ण दिवसाची सरासरी गती न घेता त्या क्षणीची गती कशी मिळेल, हा तो विचार. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले, असे तेथील शिलालेख सांगतो. परंतु हा विचार ग्रहगणितापुरता राहिला. घातांकी वक्राकडे तो वळला नाही, आणि ज्या परंपरेत घातांकांचे नियम होते तिच्याकडे हा क्षणाचा विचार पोहोचला नाही. दोन्ही धागे याच देशात होते. ते एकत्र कसे आले असते, याची कल्पना करण्यास इतिहास परवानगी देत नाही.

एकत्र आले ते युरोपात, आणि तेही सहजासहजी नाही. स्कॉटलंडचा जॉन नेपियर याने १६१४ मध्ये लघुगणकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्याने त्यांची व्याख्या दोन चालत्या बिंदूंवरून केली होती. एक बिंदू समान वेगाने जातो. दुसऱ्याचा वेग त्याच्यापुढे उरलेल्या अंतराच्या प्रमाणात कमी होत जातो. जेवढे शिल्लक तेवढ्या प्रमाणात वेग, या वाक्यात घातांकी वक्राचे सारे रहस्य आहे, पण त्या वेळी ते रेषेच्या भाषेत कोणी मांडले नव्हते. १६३८ मध्ये फ्रान्समधील ब्लुआ येथील न्यायाधीश आणि हौशी गणिती फ्लोरिमोंद द बोन याने प्रसिद्ध तत्त्वज्ञ देकार्त याला एक कोडे घातले. असा वक्र शोधा की त्याच्या कोणत्याही बिंदूवर स्पर्शिका काढली आणि ती खाली आडव्या रेषेपर्यंत वाढवली, तर तिने आडव्या रेषेवर तोडलेला तुकडा सर्वत्र सारखाच भरावा. या तुकड्याला उपस्पर्शिका म्हणतात. देकार्तने १६३९ मध्ये उत्तर पाठवले. वक्राच्या जवळ जाण्याची रीत त्याला सापडली, पण वक्राचे समीकरण त्याच्या बीजगणितात बसेना. १६८४ मध्ये लाइब्निझने कॅल्क्युलसवरचा आपला पहिला, जेमतेम सहा पानांचा लेख लाइपझिगच्या नियतकालिकात छापला, आणि नव्या रीतीचे बळ दाखवण्यासाठी शेवटी हेच कोडे काही ओळींत सोडवून दाखवले. तो वक्र लघुगणकांचा, म्हणजेच आपला घातांकी वक्र होता.

ही रीत कोणालाही करून पाहण्यासारखी आहे. तिला बेरीज, गुणाकार आणि थोडा धीर पुरतो. दर वर्षी दुप्पट होणारी रक्कम घेऊ. आरंभी १, एका वर्षाने २, मग ४, ८, १६. या वक्रावरील एखाद्या बिंदूपासून थोडे पुढे जाऊन दुसरा बिंदू घ्यावा आणि दोघांना जोडणारी छेदिका काढावी. तिचा चढ म्हणजे झालेली वाढ भागिले गेलेला काळ. आरंभापासून पूर्ण वर्ष पुढे गेले तर चढ १ येतो. अर्धेच वर्ष गेले तर ०.८२८४. वर्षाचा दहावा भाग घेतला तर ०.७१७७, शंभरावा घेतला तर ०.६९५६, हजारावा घेतला तर ०.६९३४. दुसरा बिंदू पहिल्याच्या जवळ सरकत जातो तसा हा आकडा ०.६९३१ पाशी स्थिरावतो. छेदिकेची स्पर्शिका झाली. आरंभबिंदूवरील तिचे समीकरण य = १ + ०.६९३१ क्ष असे लिहिता येते.

आता तीन वर्षांनंतरचा बिंदू घ्या, जेथे रक्कम ८ आहे. तेथून थोडे पुढे गेल्यावर जी वाढ होते ती आरंभीच्या वाढीच्या बरोबर आठपट असते, कारण घातांकांची बेरीज म्हणजे संख्यांचा गुणाकार. अर्धच्छेदांचा जो नियम धवलेत आहे तोच येथे कामी येतो. म्हणून येथील चढ ८ गुणिले ०.६९३१, म्हणजे ५.५४५. दहा वर्षांनंतर रक्कम १,०२४ आणि चढ सुमारे ७१०. प्रत्येक ठिकाणी चढ भागिले उंची एकच, ०.६९३१. त्यामुळे स्पर्शिका मागे वाढवली की ती आडव्या रेषेला नेहमी त्या बिंदूच्या १.४४२७ वर्षे आधी मिळते. आरंभापाशी काढा, तिसऱ्या वर्षी काढा, दहाव्या वर्षी काढा, अंतर तेच. द बोनने मागितलेला वक्र हाच.

दुपटीऐवजी तिप्पट घेतली तर ०.६९३१ च्या जागी १.०९८६ येते. म्हणजे दोन आणि तीन यांच्या दरम्यान अशी एखादी संख्या असली पाहिजे की जिच्यासाठी हा आकडा बरोबर १ येईल, आणि प्रत्येक बिंदूवर चढ आणि उंची समान होतील. ही संख्या व्याजाच्याच हिशेबातून पुढे आली. स्वित्झर्लंडमधील बाझेलचा याकोब बेर्नुली याने १६९० मध्ये विचारले की, शंभर टक्के दराने ठेवलेल्या एक रुपयावर व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळवत गेले तर वर्षाअखेर काय होईल? (नाणे त्याच्या देशाचे होते, एवढाच फरक.) वर्षातून एकदा मिळवले तर २, सहामाही २.२५, तिमाही २.४४१४, दरमहा २.६१३०, दररोज २.७१४६. हाव वाढवली तरी रक्कम अनंत होत नाही. ती अडीच आणि तीन यांच्या मध्ये कोठेतरी थांबते, एवढे बेर्नुलीने दाखवले. त्या संख्येला ‘ई’ हे अक्षर ऑयलरने १७३१ मधील एका पत्रात दिले आणि १७४८ च्या ग्रंथात तिची किंमत दशांशाच्या २३ स्थळांपर्यंत काढली. तिची सुरुवात २.७१८२८ अशी होते. ई च्या वक्राची एक गंमत अशी की, क्ष = १ येथील तिची स्पर्शिका मागे वाढवली तर थेट आरंभबिंदूतून, शून्यातून जाते.

आता त्या १,००० रुपयांकडे परत येऊ. आठ टक्के व्याज वर्षातून एकदा मिळवले तर सरळव्याजाची रेषा चक्रवाढीच्या वक्राला दोन ठिकाणी भेटते, ठेवीच्या दिवशी आणि पहिल्या वर्षाअखेर. म्हणजे ती छेदिका आहे. व्याज सहामाही मिळवले तर वर्षाअखेर १,०८१ रुपये ६० पैसे, तिमाही १,०८२.४३, दरमहा १,०८३.००, आणि क्षणोक्षणी मिळवले तर १,०८३.२९. मुदत लहान होत जाते तसा दुसरा भेटीचा बिंदू ठेवीच्या दिवसाकडे सरकतो, आणि अखेरीस सरळव्याजाची रेषा ही वक्राची त्या दिवशीची स्पर्शिका होते. पेढीवर शेजारी-शेजारी शिकवल्या जाणाऱ्या दोन व्याजांचे नाते ते हेच. क्षणोक्षणी वाढणाऱ्या रकमेत पन्नास वर्षांनंतर स्पर्शिका ५,००० दाखवते आणि वक्र ५४,५९८.

रोख्यावर दर लिहिलेला असतो, आणि दर म्हणजे आरंभीचा चढ. तो वाचून अंगठा उठवणाऱ्याच्या मनात पुढचा हिशेब सरळ रेषेनेच होतो. त्याच्या डोळ्यांसमोर स्पर्शिका असते आणि देणे वक्रावरून वाढत असते. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले. त्या सावकारांत मारवाडी आणि गुजर व्यापारी मोठ्या संख्येने होते, हे सरकारी चौकशीत नोंदलेले आहे, आणि समाजाच्या स्मरणिकेत व्याजाचा इतिहास लिहिताना ते वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यामागचा हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. त्याच्याही फार आधीपासून या देशात दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, असे स्मृतिग्रंथ सांगतात, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो मानला. आठ टक्के सरळव्याजाने ही मर्यादा साडेबारा वर्षांनी येते, वार्षिक चक्रवाढीने नऊ वर्षांतच. नियमकर्त्यांनी वक्राची चाल बदलली नाही. तो कोठे कापायचा ते ठरवले. त्यांच्याजवळ कॅल्क्युलस नव्हते, परंतु वक्र पुढे काय करतो हे त्यांनी माणसांच्या घरांत पाहिले असले पाहिजे.

मराठीत हे शास्त्र आणणारे बाळशास्त्री जांभेकर. देवगडकडील पोंभुर्ल्याचे हे सुपुत्र ‘दर्पण’कार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत ते गणित शिकवीत, ही गोष्ट तितकी ठाऊक नाही. कॅल्क्युलसवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिले आणि त्याचे नाव ठेवले ‘शून्यलब्धि गणित’. नाव मोठे बोलके आहे. दोन बिंदूंमधील अंतर शून्याकडे नेले असता जे हाती लागते ते मिळवण्याचे हे गणित, असा अर्थ त्यातून सहज निघतो. १८४६ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे हे मूळचे आपल्याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या नागावचे. पुण्याला गणिताचे प्राध्यापक म्हणून त्यांनी पुढील पिढी घडवली. लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. बाळशास्त्रींनी घडवलेला तो नेटका शब्द मात्र पाठ्यपुस्तकांतून मागे पडला, याची रुखरुख वाटते.

महाड तालुक्यातील नाते या गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर होते. त्या सर्व काळात बँकेचा दर ३ टक्के होता. क्षणोक्षणी चक्रवाढ धरली तर या दराची उपस्पर्शिका तेहतीस वर्षे चार महिन्यांची होते. कोणत्याही दिवशी जमा असलेली रक्कम म्हणजे त्या दिवशीच्या वार्षिक व्याजाच्या तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश पट, एवढाच त्याचा अर्थ. दहा टक्क्यांची उपस्पर्शिका दहा वर्षे, आठ टक्क्यांची साडेबारा. चक्रवाढीच्या खात्याचे कोणतेही पान उघडले तरी हे प्रमाण बदलत नाही. जुन्या मुनिमांना ते अनुभवाने माहीत असे. त्याला नाव आहे हे माहीत नसे.

दुपटीच्या वक्राचा १.४४२७ हा आकडा मात्र तसाच सोडून पुढे आलो. ०.६९३१ ने एकाला भागले की तो मिळतो. लघुगणकांच्या भाषेत त्याची दुसरी ओळख अशी की, दोनाचा १.४४२७ वा घात केला असता २.७१८२८ मिळतात. अर्धच्छेदाची कल्पना पूर्ण संख्यांच्या पलीकडे, अपूर्णांकांपर्यंत नेली, तर द बोनने देकार्तला विचारलेला आणि लाइब्निझने शोधलेला तो न बदलणारा तुकडा म्हणजे ऑयलरच्या ‘ई’ या संख्येचा अर्धच्छेद होय.